खणातल्या गोट्या

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेतले टेबल आवरणे हा माझा दरवर्षीचा उद्योग. यंदा तळच्या खणातून एक कापडी पिशवी निघाली. उचलताच ती आतून खळखळली नि मी ओशाळलो. श्रावणात सहावीतल्या एका मुलाकडून जप्त केलेल्या गोट्या होत्या त्या. मोजल्या, ६२ भरल्या.

प्रकरण साधे होते. मुलाचे वडील चाकणला कारखान्यात पाळीने जातात. बिऱ्हाड गेल्याच वर्षी दिघीत आलेले. मुलगा अबोल, पण अंगठ्यावर सरस्वती! शाळेमागच्या मुरुमात गल खणून पोरे खेळत, आणि महिन्याभरात साऱ्या वर्गाच्या गोट्या याच्या पिशवीत गेल्या. एका हरलेल्या मुलाची आई तक्रार घेऊन आली. "सर, हा जुगार नाही तर काय?" मी पिशवी काढून घेतली आणि गल बुजवली. शिक्षकाला न्याय करणे फार सोपे असते; त्याच्यावर अपील नसते.

जुगार हा शब्द मात्र डोक्यात घोळत राहिला. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. शंकर-पार्वतींच्या फाशांची कथा त्याच दिवशी सांगतात. म्हणजे एकीकडे सणाचा मान, आणि दुसरीकडे धर्मराजाची गोष्ट सांगून आपण मुलांना बजावणार, की बाबांनो, पणाला लावू नका! कायद्याने हा गुंता आपल्यापरीने सोडवला आहे. १८८७ च्या मुंबईच्या जुगारबंदी कायद्यात निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. मला ते पटते. फासा हातातून सुटला की तो दैवाचा होतो. गोटी सुटली, तरी तिच्या मागे अंगठा असतो, डोळा असतो, आणि कितीतरी दुपारचे ऊन असते.

तसा हा खेळ किती जुना! हडप्पा-मोहेंजोदडोच्या उत्खननांत दगडामातीचे चिमुकले गोळे सापडले आहेत. काचेची गोटी त्या मानाने कालची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मनीतल्या थुरिंगियात ती हाताने घडू लागली, आणि विसाव्याच्या आरंभी अमेरिकेतल्या ओहायोत क्रिस्टेन्सन नावाच्या गृहस्थाने तिच्यासाठी यंत्र केले. इंग्लंडात टिन्स्ली ग्रीन या गावी १९३२ पासून गुड फ्रायडेला प्रौढ माणसे गोट्यांचे सामने खेळतात. सहा फुटी रिंगणात ४९ गोट्या मांडतात. त्यांना कुणी शाळामास्तर भेटला नसावा!

माझ्या लहानपणी आमची खरी गोटी सोड्याच्या बाटलीत असे. १८७२ साली हायरम कॉड या इंग्रजाने ती बाटली काढली. आतल्या वायूच्या दाबाने गोटी वर येऊन तोंडाशी रबराच्या कड्यावर घट्ट बसते. आळंदीच्या यात्रेत सोडा पिणाऱ्यांपेक्षा फुटक्या बाटलीवर डोळा ठेवणारी पोरेच जास्त. दुकानात गोट्या मिळत नव्हत्या थोड्याच? पण घरच्यांनी दिलेली गोटी ही सदऱ्यासारखी, दप्तरासारखी; आज दिली, उद्या काढून घेतली. जिंकलेली गोटी ही मुलाची पहिली स्वकष्टार्जित मिळकत. तिच्यावर आईबापांचाही हक्क नाही, आणि तीच मी खणात कोंबली होती.

पिशवी पुढ्यात घेऊन मी हरलेल्या पाचसहाजणांना बोलावले. म्हटले, ज्याच्या त्याने ओळखून न्या. माझ्या मते हा चोख न्याय होता. कुणी हात पुढे केला नाही. ज्याची आई तक्रार घेऊन आली होती, तोच अखेर मान खाली घालून म्हणाला, "सर, त्या मी हरलोय."

मी निरुत्तर झालो. खरे सांगायचे तर थोडा चिडलोही. त्याच्या आईला जे समजले नाही, मला समजले नाही, ते या दहा-अकरा वर्षांच्या पोराला समजलेले होते. मग मीच विचारले, "तुमच्या सगळ्या गोट्या गेल्यावर खेळ कसा चालायचा?" उत्तर आले, "तो उसन्या द्यायचा की!" आमच्या वेळीही हे असेच होते, हे मी पार विसरलो होतो. सगळ्या गोट्या एकाच्याच खिशात गेल्या तर खेळायचे कुणाशी? तेव्हा जिंकणाराच दोन उसन्या देई, आणि त्यात उपकाराची भाषा नसे. तो खेळ पिशवी जप्त होईपर्यंत चालला होता. थांबवला तो मी.

शेवटच्या तासाला मी त्या मुलाला थांबवून पिशवी दिली. त्याने ती तिथेच बाकावर ओतली, मोजली, नि बराच वेळ घुटमळून म्हणाला, "सर, एक कमी आहे. दुधी, आत लाल पट्टीची."

ती मी श्रावणातच भाचीला खेळायला नेऊन दिली होती. जप्तीचा माल आपलाच, असे कुठेतरी मनात धरूनच ना? मी कसेबसे म्हटले, "सुट्टीनंतर आणून देतो." तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाहीतर एक डाव खेळू, सर. जिंकलात तर ठेवा."

मी हो म्हटले आहे. आमच्या सोसायटीत सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवलेले. गल खणायला वीतभर माती नाही. म्हणून हल्ली सकाळी डोंगराच्या पायथ्याशी जातो. अंगठा काही केल्या वळत नाही.