मोठा टी. व्ही. कोणाच्या डोळ्यांसाठी?



दिवाळी जवळ आली, सोयाबीन-कापूस बाजारात निघाला, की अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या टिळक रोडपर्यंत एकच आरोळी ऐकू येते: जुना टी. व्ही. द्या, मोठा न्या! 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या संचावरील जी. एस. टी. 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे या आरोळीला आणखी जोर चढला. भिंतीवरचा 32 इंची संच चांगला चालतो आहे. तरी पोरे म्हणतात, 55 इंची घ्या. काय करावे?

धम्माच्या पाक्षिकात ही चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण शील काही विहाराच्या पायरीवर काढून ठेवायची चप्पल नव्हे. ते दुकानातही सोबत असले पाहिजे.

प्रथम एक स्पष्ट सांगतो. टी. व्ही. घेणे हे पाप नव्हे. ज्यांना चांगले वस्त्र आणि धातूचे भांडे वापरण्याचीही बंदी होती, त्यांना चैनीविरुद्ध उपदेश करणारे पुष्कळ भेटले. मला त्यांच्या रांगेत बसायचे नाही. 1987 साली क्रिकेटचा विश्वचषक भारत-पाकिस्तानात झाला, तेव्हा आमच्या खेड्यात एकच संच होता. त्या घरची मुले आत सतरंजीवर बसत. आम्ही पोरे अंगणात, खिडकीचे गज धरून उभे. आत या, असे कोणी म्हटले नाही. आम्हीही विचारले नाही, कारण उत्तर ठाऊक होते. पुढे बापाने पैसे साठवून काळा-पांढरा संच आणला, त्या दिवशी माय रडली. तो संच म्हणजे चैन नव्हती. दुसऱ्याची खिडकी सोडून आम्ही आपल्या घरात बसलो, एवढा त्याचा अर्थ होता.

तेव्हा पहिल्या संचाने एक अपमान पुसला, हे मी मानतो. पण 32 च्या जागी 55 इंच आल्याने कोणता अपमान पुसला जाणार? शेजाऱ्याकडे मोठा आला म्हणूनच आपला लहान दिसू लागला असेल, तर आपण पुन्हा दुसऱ्याच्याच खिडकीशी उभे आहोत. फरक इतकाच की आता गज दिसत नाहीत.

तथागतांनी गृहस्थाला दरिद्री राहा असे सांगितले नाही. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: धन असण्याचे, त्याचा उपभोग घेण्याचे, कर्ज नसण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. उपभोगाचे सुख त्यात आहे, हे लक्षात घ्या. पण त्याच्या शेजारीच ऋणमुक्तीचे सुख बसवले आहे. एक मिळवण्यासाठी दुसरे विकू नये, हा त्याचा अर्थ. सिगालाला तर कमाईचे चार भागच करून दिले: एक उपभोगाला, दोन उद्योगाला, एक अडीअडचणीला. मजुराच्या घरी असे चार भाग पडत नाहीत, हे मलाही कळते. परंतु अडीअडचणीच्या भागाला पडद्यासाठी हात लावू नये, एवढे तर पाळता येईल.

आता दुकानदार म्हणेल, पैसे नसले तरी चालेल, बिनव्याजी हप्ता आहे. सावध राहा. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच मुळात अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बजावले होते. व्याज किमतीत मिसळलेले असते, किंवा प्रक्रिया शुल्काच्या नावाने येते. समजा संच 40,000 रुपयांचा आहे. बारा महिने दरमहा सुमारे 3,333 रुपये जाणार. मुलीच्या परीक्षेची फी ज्या महिन्यात येईल, त्या महिन्यात हप्ता थांबेल काय?

व्यवहारही पाहा. 55 इंची पडद्याचे क्षेत्रफळ 32 इंचीच्या जवळजवळ तिप्पट. पण साध्या वाहिनीचे चित्र त्यावर ताणले की अस्पष्ट दिसते. मोबाइलवरचे पाठ मोठे करून पाहायचे असतील, तर बहुतेक जुन्या संचाला छोटी स्टिक जोडून काम भागते. उलट, संच खरोखरच बिघडला असेल, किंवा घरच्या म्हाताऱ्याला अक्षरे दिसत नसतील आणि गाठीला पैसा असेल, तर खुशाल मोठा घ्या. मनात अपराधाची भावना ठेवू नका.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा सांगत, की भांडी मोडावी लागली तरी चालतील, पण पोरांना शिकवा. त्या बाबांच्या मुलखात शिकवणीची फी थकवून पडदा मोठा करणे शोभत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी सारे घर एकत्र बसवा. बायको-मुलांनाही बोलू द्या. तीन प्रश्न विचारा: जुन्याने कोणते काम अडले? पैसा हातात आहे की उद्याच्या मजुरीतून काढायचा आहे? आणि शेजारी कोणीच पाहणार नसता, तरी आपण हा घेतला असता काय? तिन्ही उत्तरे स्वच्छ आली तर घ्या. मग चालता जुना संच अभ्यासिकेला द्या. बंद पडलेला असेल तर उकिरड्यावर न टाकता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात पोचवा.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. दुकानदाराचे बोलणे तसेच पारखा. माझेही.

जयभीम.