आपल्याच माणसांना खरं कोण सांगणार?

3 नोव्हेंबर 2020ची रात्र. अमेरिकेत अध्यक्षपदाची मतमोजणी चालू होती. फॉक्स न्यूज हे तिथल्या परंपरावादी, उजव्या प्रेक्षकांचं हक्काचं चॅनल. त्याच चॅनलने इतरांच्या आधी जाहीर केलं की, ॲरिझोना बायडन जिंकणार. अंदाज बरोबर ठरला. बायडन तिथे सुमारे साडेदहा हजार मतांनी जिंकले. पण प्रेक्षक भडकले. आपलंच चॅनल फितूर झालं, असं वाटून बरेच जण न्यूजमॅक्ससारख्या चॅनलकडे वळले.

पुढच्या काही आठवड्यांत फॉक्सवर वेगळाच सूर लागला. डॉमिनियन कंपनीच्या यंत्रणेने मतं फिरवली, असे आरोप तिथे वारंवार ऐकवले गेले. कंपनीने बदनामीचा खटला भरला. 2023मध्ये त्या खटल्यात आतले मेसेज बाहेर आले, तेव्हा कळलं की, चॅनलच्या काही बड्या चेहऱ्यांचा या आरोपांवर स्वतःचाच विश्वास नव्हता. धास्ती होती ती प्रेक्षक तुटण्याची. एप्रिल 2023मध्ये फॉक्सने 78 कोटी 75 लाख डॉलर मोजून खटला मिटवला.

‘उजवे असेच खोटारडे’ म्हणून ही गोष्ट इथेच संपवता येईल. काही वाचकांना ते आवडेलही. पण मग आपणही फॉक्सचंच केलं, नाही का? समोरच्याला हवं ते ऐकवलं.

फॉक्सच्या बाजूने एक मुद्दा मांडता येतो, आणि तो फुसका नाही. चर्चला जाणारी, छोट्या गावात राहणारी, जुन्या रीती जपणारी माणसं या चॅनलकडे आली, ती बाकीचे आपल्याला मागासलेलं समजतात असं त्यांना वाटत होतं म्हणून. ज्यांनी आपल्यावर भरवसा टाकला त्यांच्या बाजूने उभं राहायला नको का? निष्ठा हे मूल्य परंपरावाद्यांनी नाही जपायचं, तर कोणी?

पण निष्ठा म्हणजे होकार नव्हे. आधुनिक परंपरावादाचा जनक मानला जाणारा एडमंड बर्क 1774मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना भाषणात हेच सांगत होता: प्रतिनिधीने स्वतःची विवेकबुद्धी तुमच्या मतापुढे गहाण टाकली, तर ती तुमची सेवा नव्हे, तुमचा विश्वासघात आहे. पुढे आयर्लंडचा व्यापार आणि कॅथलिकांचे हक्क या प्रश्नांवर त्याने मतदारांना न रुचणारी भूमिका घेतली. 1780मध्ये त्याला ब्रिस्टलची जागा सोडावी लागली. किंमत मोजल्यावरच ते भाषण खरं झालं.

बर्कच्या मापाने पाहिलं, तर फॉक्सच्या निष्ठेत एक तुच्छता दडलेली दिसते. ज्यांना इतरांनी अडाणी समजलं, त्यांना या मंडळींनीही मनातून तसंच समजलं. फरक एवढाच की, इतरांनी ते तोंडावर दाखवलं आणि यांनी गोड बोलून लपवलं. ‘यांना खरं झेपणार नाही’ असं ठरवण्याइतका मोठा अपमान दुसरा नाही.

तरी सगळा दोष बोलणाऱ्याच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. ॲरिझोनाचा खरा आकडा ऐकून रिमोट उचलला तो प्रेक्षकांनी. खऱ्याची शिक्षा आणि खोट्याचं बक्षीस, हा हिशेब त्यांनी चॅनलला शिकवला.

आपणही तो रोज शिकवतो. विरोधी बाजूची खोटी बातमी आली की, आपण लगेच पुरावा मागतो. आपल्या बाजूची आली की, ‘असेलही खरं’ म्हणून पुढे ढकलतो. ग्रुपवर आपल्यातलाच कोणी ‘अरे, हे खोटं आहे’ म्हणाला, तर बातमीपेक्षा त्याचाच जास्त राग येतो. आपल्या बाजूचं म्हणणं खरोखर टिकावं असं वाटत असेल, तर सगळ्यात आधी त्या माणसाला ग्रुपमध्ये टिकू द्यायला हवं.