घेणाऱ्याची पात्रता

दानाचा विचार करताना आपण बहुतेक वेळा देणाऱ्याचे मन पाहतो. गीतेचा सतरावा अध्याय मात्र तेवढ्यावर थांबत नाही. परतफेडीची अपेक्षा नसावी हे सांगतानाच सात्त्विक दानासाठी देश, काळ आणि पात्रही पाहायला तो सांगतो. मुंबईच्या कांदिवलीतल्या एखाद्या घरातल्या संगणकाची रात्री रिकामी असलेली शक्ती दूरच्या विद्यापीठाच्या संशोधनाला दिली, तर ते दान ठरते का? माझ्या मते ठरते. पण ते सात्त्विक व्हायचे तर पात्रतेचा भार विद्यापीठाने उचलायला हवा.

कारण इथे देणारा जवळजवळ डोळे मिटूनच देतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९९९ मध्ये ‘सेटी अ‍ॅट होम’ सुरू केले, तेव्हा परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधण्यासाठी लाखो लोकांनी आपले संगणक जोडले. रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचे तुकडे घरोघरी जात आणि उत्तरे परत येत. आत काय मोजले जाते आहे, हे तपासणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. तपासायचे ते विद्यापीठानेच. म्हणून अशा प्रकल्पांत तोच तुकडा एकाहून अधिक संगणकांकडे पाठवतात आणि उत्तरे जुळली तरच ती स्वीकारतात. विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठ आणि जर्मनीतील माक्स प्लांक संस्था यांच्या ‘आइनस्टाइन अ‍ॅट होम’ या अशाच प्रकल्पाला २०१० मध्ये एक अज्ञात पल्सार, म्हणजे नियमित रेडिओ-स्पंदने पाठवणारा तारा, सापडला. तो आयोवा आणि माइंझ इथल्या स्वयंसेवकांच्या संगणकांनी टिपला होता. शास्त्रज्ञांनी दुसऱ्या दुर्बिणीतून त्याची खात्री करून घेतली आणि संगणकांच्या मालकांना शोधाचे श्रेय जाहीरपणे दिले. पडताळणी आणि श्रेय, ही पात्रतेची दोन लक्षणे.

यावर पहिला आक्षेप असा की, मोजणी लोकांनी केली, मग विद्यापीठ नुसते मध्यस्थ नव्हे का? याचे उत्तर कांदिवलीच्या चारकोपमध्ये मिळते. १९८० च्या दशकात तिथे जागतिक बँकेच्या साहाय्याने रस्ते, पाणी, मलनिःसारण यांची सोय असलेले भूखंड आखले गेले आणि घरे लोकांनी बांधली. घरे लोकांची म्हणून आखणीची जबाबदारी संपली नाही. जलवाहिनी चुकीची टाकली असती, तर कोणाच्याही भिंतीची मजबुती ती चूक भरून काढू शकली नसती. मोजणी वाटता येते, चुकांचे उत्तरदायित्व वाटता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा प्रकल्पांत सहभागींना गुण मिळतात आणि त्यांच्या क्रमवाऱ्या लागतात; मग फलाची इच्छा सुटली कुठे? ती सगळ्यांची सुटत नाही, हे मान्य करायला हवे. पण देणाऱ्याच्या मनात थोडी स्पर्धा असली, म्हणून घेणाऱ्याचे कर्तव्य सैल होत नाही. उलट, हेतू मिश्र असलेल्या दानातूनही निर्मळ ज्ञान निघावे, याची व्यवस्था घेणाऱ्यानेच करायची असते.

ही जबाबदारी मुंबईपासून दूर नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे, आणि सर्न या युरोपीय कणभौतिकी संस्थेच्या सीएमएस प्रयोगातील माहिती हाताळणाऱ्या जागतिक संगणन-जाळ्याचे एक केंद्र तिथे चालते. ते सार्वजनिक पैशावर उभे आहे. म्हणजे कांदिवलीचा करदाताही तिथे न विचारता दाता झालेला आहे. त्याला निष्कर्ष खुलेपणाने आणि त्याच्या भाषेत कळवणे हा उपकार नव्हे. घेतलेल्या दानाला पात्र ठरण्याचाच तो भाग आहे.