आचारी आणि आचार्य

गेल्या वैशाखात माझ्या हातून एक पत्र लिहिले गेले. पत्र जेमतेम तीन ओळींचे होते. पण त्याची आठवण झाली की मला अजून ओशाळल्यासारखे होते.

त्याचे असे झाले. अलीकडे मी कादंबरी संगणकावर लिहिते. मराठी अक्षरे उमटवण्याची एक सोय कुणीतरी सर्वांसाठी मोकळी ठेवलेली आहे. ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला बसवून दिली होती. एक दिवस तिची नवी आवृत्ती आपोआप आली आणि माझा अर्धा र पळाला. कादंबरीत लग्नघरचा प्रसंग होता. मांडवामागे चुलाणाशी गप्पा छाटत बसलेल्या आचाऱ्यांवर वधूपिता खेकसतो, असे मी लिहिले होते. छापून पाहते तो काय, वधूपिता आचार्यांवर खेकसत होता! आज हसू येते. त्या दिवशी आले नाही. प्रकाशकांनी दिलेली मुदत चार दिवसांवर आली होती. मी ती सोय सांभाळणाऱ्या गृहस्थाचा पत्ता शोधला आणि त्याला लिहिले : एवढे साधे अक्षर सांभाळता येत नसेल तर हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती द्या, आम्ही किती दिवस वाट पाहायची? खाली ठसठशीत सही केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तर आले होते. चुकीबद्दल क्षमा मागितली होती. दिवसा नोकरी असते, रात्री जमेल तसे पाहतो. कोणकोणते शब्द बिघडतात ते कळवाल तर उपकार होतील, असे लिहिले होते. मी उत्तर दिले नाही. चुका मी करायच्या नाहीत आणि शोधायच्याही मीच, हा कुठला न्याय, असे काहीसे मनात आले असावे.

गणपतीत तो विद्यार्थी घरी आला. पुण्यात संगणकाच्या नोकरीत असतो, आणि रात्री जागून हीच असली बिनपैशाची कामे करतो. मी मोठ्या फुशारकीने त्याला पत्राची हकीकत सांगितली. आचार्यांच्या गमतीला तो खळखळून हसला. पत्राचा मजकूर ऐकल्यावर मात्र मोदक हातात धरून गप्प बसला. मग म्हणाला, “बाई, तुम्हांला एक गोष्ट सांगतो. रागावू नका.”

त्याने सांगितलेली गोष्ट कळायला या लोकांची रीत थोडी ठाऊक हवी. संगणकाला काय करायचे ते सांगणारा जो मजकूर असतो तो कंपन्या बहुधा कडीकुलपात ठेवतात. १९८३ साली अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन याने या रिवाजाविरुद्ध उभे राहून जाहीर केले की आपण सगळा मजकूर उघडा ठेवू. कुणीही वापरावा, वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हौसेने लिहायला घेतलेल्या एका प्रणालीची वर्दी चारचौघांना दिली आणि सूचना मागवल्या. तीच पुढे लिनक्स झाली. जगातल्या सर्वांत बलाढ्य अशा ५०० संगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतो. आणि आपल्या घरात जो अँड्रॉइडचा फोन चार्जिंगला लावलेला असतो त्याच्या पोटातही तेच आहे.

इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्ही गोष्टी ‘फ्री’ या एकाच शब्दाने सांगाव्या लागतात, आणि तो घोटाळा निस्तरता निस्तरता या मंडळींची पुरेवाट झाली. मराठीत आपल्याजवळ दोन शब्द आहेत. तरीही मुक्त म्हणून ठेवलेली वस्तू आपण फुकट म्हणूनच उचलतो, आणि फुकट मिळालेल्या जेवणात मीठ किती कमी होते याची चर्चा हात धुवायच्या आतच सुरू होते.

मला या साऱ्यात खरे नवल वाटले ते त्यांच्या शिकवण्याच्या रीतीचे. तिथे प्रवेशपरीक्षा नाही, फी नाही, दाखला नाही. कुणीही अनोळखी माणूस एखादी चूक दुरुस्त करून पाठवतो. जो ते काम सांभाळत असतो तो ती दुरुस्ती ओळीओळीने वाचतो, कुठे चुकले ते सर्वांसमक्ष लिहितो आणि परत पाठवतो. माझ्या विद्यार्थ्याची पहिली दुरुस्ती चार वेळा परत आली. तपासणारी बाई परदेशातली, त्याने तिला कधी पाहिलेले नाही. “पण बाई, चारही वेळा तिनं कारण लिहिलं होतं,” तो म्हणाला. “स्वतः केली असती तर तिची पाच मिनिटांत झाली असती. माझ्यावर तिनं तीन आठवडे घालवले.” पाचव्या खेपेस ती दुरुस्ती स्वीकारली गेली, तिच्यापुढे त्याचे नाव लागले, आणि दोन वर्षांनी तो स्वतः नवशिक्यांच्या दुरुस्त्या तपासू लागला. वह्या तपासण्यात माझा जन्म चालला आहे, त्यामुळे स्वतः करून टाकण्याचा मोह काय असतो ते मला चांगले माहीत आहे. आपल्याकडे ऋषिऋण म्हणतात ते गुरूला परत करायचे नसते. आपण शिकून पुढच्याला शिकवले म्हणजे ते फिटते. हे लोक तो शब्द न उच्चारता तसेच वागत असतात.

सगळेच गुरू मायाळू असतात असे मात्र नव्हे. खुद्द टोरवाल्ड्सची पत्रे इतकी जहाल असत की त्यांचा बोलबाला झाला होता. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये त्याने आपल्या वागण्याबद्दल सर्वांची जाहीर क्षमा मागितली आणि काही आठवडे कामापासून दूर राहिला. हे ऐकल्यावर मला माझी लाल शाई आठवली. पण तो विषय वेगळा.

आता ती गोष्ट. एक्सझेड नावाचे एक साधन आहे. मोठ्या फायली दाबून लहान करणे, एवढेच त्याचे काम. कुणाच्या डोळ्यांत भरणारे नव्हे, पण जगभरच्या संगणकांत बसवलेले. फिनलंडमधला एक गृहस्थ ते कित्येक वर्षे जवळजवळ एकट्याने, विनावेतन सांभाळत होता. २०२१ साली जिया तान असे नाव घेतलेली एक व्यक्ती तिथे आली आणि दुरुस्त्या पाठवू लागली. दुरुस्त्या चांगल्या होत्या. त्याच सुमारास, २०२२ मध्ये, आणखी काही नावांनी त्या गृहस्थाला पत्रे येऊ लागली. काम किती रेंगाळले आहे, तुम्हांला यात गोडी उरलेली नाही, दुसऱ्या कुणाच्या हाती का देत नाही, असा त्यांचा सूर. त्याने उत्तरात लिहिले की आपले मन बऱ्याच दिवसांपासून ठिकाणावर नाही आणि हे काम आपण पगाराशिवाय हौसेने करतो. पत्रे थांबली नाहीत. शेवटी जो शिष्य इतकी मदत करीत होता त्याच्या हाती त्याने निम्म्या किल्ल्या दिल्या.

२०२४ च्या फेब्रुवारीत त्या शिष्याने नव्या आवृत्तीत एक चोरदरवाजा लपवला. तो सर्वत्र पसरता तर त्याची खूण ठाऊक असलेल्याला दूरच्या असंख्य संगणकांत शिरता आले असते. पकडला गेला तो एका अर्ध्या सेकंदामुळे. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक अभियंता दुसऱ्याच कामात होता. दूरच्या संगणकात प्रवेश मिळायला रोजच्यापेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढे त्याच्या लक्षात आले. दुसरा एखादा पुढे गेला असता. हा खणत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सारा प्रकार उघड केला. चोरदरवाजा असलेली आवृत्ती तोवर बहुतेक ठिकाणी चाचणीच्या पायरीवरच होती. जिया तान हे नाव घेणारा माणूस कोण होता, एक होता की अनेक, हे उघड झालेले नाही. त्या तक्रारी लिहिणारी नावेही त्याच्याच कटातली असावीत, असे जाणकार मानतात.

“तेव्हापासून आमच्यातले काही म्हणतात, अनोळखी माणसाला दारात उभं करू नये,” विद्यार्थी म्हणाला. “तुम्हांला काय वाटतं, बाई?”

मला पहिल्यांदा कर्ण आठवला. खोटे नाव सांगून परशुरामाकडे अस्त्रविद्या शिकला, आणि कीड मांडी पोखरत असता हलला नाही म्हणून उघडा पडला. तिथेही खूण किती लहान! पण कर्णाने खोटे बोलून विद्या मागितली होती. इथे विद्या आणि सेवा याच खोटेपणाचे हत्यार झाल्या. आपण कर्णाची कीव करतो आणि अंगठा कापून देणाऱ्या एकलव्याची करतो. दार बंद करणारा द्रोण आपल्याला कधी आवडला नाही. पण दार उघडून फसलेल्या परशुरामाचे पुढे काय झाले, त्यानंतर कुणी पोरगा विद्या मागायला आला तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, याचा विचार मी आजवर केला नव्हता. त्याचा शाप तेवढा आपल्या लक्षात राहिला.

मी म्हणाले, “दार बंद करून कसं चालेल? मग तुझी ती चार वेळा परत आलेली दुरुस्ती कुणी वाचली असती?” तो “हो” म्हणाला, पण माझ्या उत्तराने त्याचे समाधान झाले नव्हते, आणि माझेही झाले नव्हते. कारण मी सोप्या अर्ध्याचेच उत्तर दिले होते.

रात्री अंथरुणावर पडल्यावर अवघड अर्धे समोर आले. ती खोटी पत्रे खरी वाटली कशी? फिनलंडमधला तो गृहस्थ काही भोळा नव्हता. ती खरी वाटली, कारण खरी पत्रे तशीच येतात. खोटे नाणे बाजारात चालायचे तर ते खऱ्यासारखे असावे लागते, आणि हे खरे नाणे कसे असते ते मी वैशाखात स्वतः पाडून दाखवले होते. ‘दुसऱ्या कुणाच्या हाती द्या.’ ‘किती दिवस वाट पाहायची?’ शब्दसुद्धा जवळजवळ तेच! कट करणाऱ्यांना नवे काही रचावे लागले नाही. माझ्यासारख्या हजारोंनी लिहिलेल्या मजकुराची नक्कल करणे पुरेसे होते.

हे मी त्याला सकाळी सांगितले तेव्हा तो संकोचला. “बाई, तुमचं तसं नाही,” म्हणू लागला. पण तसेच होते. असली कित्येक साधने एखाददुसऱ्या माणसाच्या खांद्यावर असतात. २०१४ साली ओपनएसएसएल या दुसऱ्या एका साधनात मोठे भोक सापडले. जगातल्या असंख्य संकेतस्थळांची गुपिते त्याच्या भरवशावर होती, आणि त्याला वर्षाकाठी देणग्या मिळत सुमारे २००० डॉलर. पूर्णवेळ माणूस एक. पैसे तरी सर्वांना देता येत नाहीत, हे मान्य. पण एकटा पडलेला माणूस दार उघडताना समोर कोण आहे ते नीट पाहू शकत नाही. पाठीमागून आम्ही सगळे त्याच्या नावाने ओरडत असतो, आणि समोर जो उभा असतो तो ‘मी मदत करू का’ असे विचारणारा एकटाच असतो. त्या दोन-अडीच वर्षांत खऱ्या माणसांपैकी पाचदहा जणांनी तेच विचारले असते तर किल्ल्या देताना त्याला निवड तरी करता आली असती.

उघडकीस आल्यावर त्या गृहस्थाने काय केले, हेही मी विचारले. मला वाटले होते, सोडून दिले असेल. त्याने दोन महिने बसून त्या शिष्याचे काम तपासले, चोरदरवाजा काढून टाकला आणि मे २०२४ च्या अखेरीस स्वच्छ आवृत्ती बाहेर काढली.

विद्यार्थी जायच्या आधी मी त्याला पाटावर बसवले आणि म्हटले, “आता मला शिकव. त्या माणसाला शब्द कसे कळवायचे?” कुठली आवृत्ती, कुठली कळ दाबली, काय उमटायला हवे होते आणि काय उमटले, हे चार रकाने कसे लिहायचे ते त्याने दाखवले. पहिल्या पाच ओळी मी लिहिल्या. त्यातल्या तीन त्याने खोडल्या, आणि कारणे सांगितली. वर्गात मी त्याला ‘कारणे द्या’चा प्रश्न घालीत असे, त्याचा सूड बहुधा.

तो गेल्यावर मी माझ्या कादंबरीतून सदतीस शब्द वेचून काढले. दऱ्या आणि दर्या, वाऱ्या आणि वार्या, सुऱ्या आणि सूर्या; आचारी आणि आचार्य सर्वांत वर. वर दोन ओळी वैशाखातल्या पत्राबद्दल लिहिल्या आणि पाठवून दिले. आठवड्याने उत्तर आले. त्या पत्राविषयी त्यात अवाक्षर नव्हते. पस्तीस शब्द सुधारले होते. उरलेल्या दोघांबद्दल त्याने प्रश्न विचारले आहेत, आणि शेवटी लिहिले आहे : तुमच्याकडे वेळ असेल तर नवी आवृत्ती बाहेर जाण्यापूर्वी एकदा चाचणी करून पाहाल का?

भाजणी दळून आली आहे, चकल्या व्हायच्या आहेत. त्या झाल्या की आज रात्री बसते.