सदोष मोटार परत घ्यावी काय?

खरेदीविक्रीच्या व्यवहारांत मनुष्याच्या सचोटीची जितकी परीक्षा होते तितकी दुसऱ्या ठिकाणीं क्वचितच होत असेल. मोठ्या मोहाच्या प्रसंगीं मनुष्य सावध असतो. परंतु बाजारांत घासाघीस चालली असतां तो जीभ सैल सोडतो, किंवा जेथें बोलावयास पाहिजे तेथेंच ती आवरून धरतो. खोटें बोलणें वाईट, हें कोणास सांगावयास नको. परंतु ठाऊक असलेला दोष न सांगणें, हें खोटें बोलण्यासारखेंच आहे काय? ह्या प्रश्नाविषयीं आज आम्ही वाचकांपुढें कांहीं विचार ठेवूं इच्छितों.

एक प्रसंग कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. तिसगावच्या एका शेतकऱ्यानें दोन वर्षांच्या कपाशीचे पैसे सांठवून शेजारच्या गांवच्या एका गृहस्थाकडून जुनी मोटार विकत घेतली. विकणारा कांहीं मोटारींचा व्यापारी नव्हे. स्वतःच्या वापरांतली गाडी त्यानें विकली. पाथर्डीच्या रस्त्यावर दोन फेऱ्या झाल्या, इंजिनाचा आवाज बरा वाटला, “गाडी घरचीच आहे” असें विकणारा म्हणाला, आणि सौदा ठरला. आठव्या दिवशीं म्हाताऱ्या आईला घेऊन शेतकरी नगरच्या दवाखान्यास निघाला असतां करंजीच्या घाटांत इंजिन तापलें, वाफ निघूं लागली, आणि गाडी जागच्या जागीं उभी राहिली. मिस्त्रीनें इंजिन उघडून पाहिलें तों पाणी ऑइलांत मिसळलेलें! “हा दोष आजचा नव्हे,” तो म्हणाला, “पूर्वीं डागडुजी करून वेळ मारून नेलेली दिसते.” शेतकरी विकणाऱ्याच्या दारीं गेला. तेथें त्याला उत्तर मिळालें, “अहो भाऊ, तुम्ही स्वतः पाहून, फिरवून गाडी घेतलीत. मी खोटें काय बोललों?”

ह्या प्रश्नाचें उत्तर प्रथम कायद्याला विचारूं. 1930 चा मालविक्रीचा कायदा सांगतो कीं, माल चांगला निघेल अशी न बोललेली हमी सर्वसाधारणपणें विकणाऱ्यावर नाहीं. जो त्या मालाचा धंदा करितो त्याच्यावर मात्र कांहीं प्रसंगीं ती येते. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदाही मुख्यतः धंदा करणाऱ्यांस लागू पडतो. आपली एकच जुनी गाडी विकणारा शेजारी सहसा त्याच्या कक्षेंत येत नाहीं. राहिला 1872 चा कराराचा कायदा. त्याच्या 17 व्या कलमांत कपट म्हणजे काय हें सांगितलें आहे. जाणूनबुजून खोटें सांगणें हें कपट होय. दोष झांकण्यासाठीं कांहीं करणें हेंही कपट होय. परंतु नुसतें गप्प राहणें हें सामान्यतः कपट नव्हे. कपटानें झालेला करार फसलेल्या मनुष्यास रद्द करितां येतो. तेव्हां मीटरचा आकडा मागें फिरविणारा किंवा अपघाताच्या खुणा रंगाखालीं लपविणारा कायद्याच्या हातीं सांपडूं शकतो. गप्प राहणारा मात्र बहुधा सुटतो.

परंतु त्याच कलमाखालीं दिलेलीं उदाहरणें फार मनन करण्याजोगीं आहेत. एक मनुष्य लिलावांत घोडा विकतो. घोडा सदोष आहे हें त्याला ठाऊक आहे, पण तो तें सांगत नाहीं. हें कपट नव्हे, असें कायदा म्हणतो. पुढचें उदाहरण असें कीं, घोडा घेणारी त्या विकणाऱ्याचीच मुलगी असून ती नुकतीच सज्ञान झाली आहे. आतां मात्र त्या नात्यामुळें दोष सांगणें हें बापाचें कर्तव्य ठरतें. तिसऱ्या उदाहरणांत घेणारा स्पष्ट सांगतो कीं, तुम्ही नाकारलें नाहींत तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन. आणि विकणारा गप्प राहतो. तेथें त्याचें गप्प राहणें बोलण्याच्याच बरोबरीचें मानलें जातें.

वाचकहो, घोडा तोच, दोष तोच, मौनही तेंच; भेद काय तो समोर उभ्या असलेल्या मनुष्याचा. परक्यापाशीं गप्प राहिलें तर चालतें, मुलीपाशीं चालत नाहीं. म्हणजे दोष सांगणें हें विश्वासाच्या नात्यास शोभणारें वर्तन आहे, हें कायदाही मान्य करितो; परक्याच्या बाबतींत तो त्याची सक्ती करीत नाहीं, इतकेंच. तेव्हां खरा प्रश्न मोटारीचा नाहीं. माझ्या दारीं पैसे घेऊन आलेला हा मनुष्य माझा कोण, हा खरा प्रश्न आहे. शेजारी कोणास म्हणावें, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांस नवा नाहीं, आणि त्याचें उत्तरही त्यांस ठाऊक आहे.

हा वाद फार जुना आहे. रोमन पंडित सिसेरो ह्यानें इ. स. पूर्व 44 मध्यें कर्तव्यांविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें डायोजेनीस व त्याचा शिष्य अँटिपेटर ह्या दोघां तत्त्वज्ञांचा मतभेद दिला आहे. घराचा दोष एका मालकालाच ठाऊक आहे. घर विकतांना त्यानें तो सांगावा काय? गुरूचें म्हणणें असें कीं, विकणाऱ्यानें घेणाऱ्यावर बळजबरी तर केली नाहीं. शिष्याचें म्हणणें असें कीं, हें वाट चुकलेल्यास वाट न दाखविण्याहूनही वाईट आहे. कारण येथें जाणूनबुजून दुसऱ्यास चुकीच्या वाटेस लावणें होतें. सिसेरोनें आपला कौल शिष्याच्या बाजूनें दिला.

आमच्या देशांतही ह्याचा विचार झालेला आहे. घेतलेल्या वस्तूची पारख करण्यास याज्ञवल्क्यस्मृतींत निरनिराळ्या मुदती दिल्या आहेत: लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझ्याच्या जनावरास पांच, बियाण्यास दहा. ह्यांतील तत्त्व शेतकऱ्यास सहज कळेल. घोडेगाव किंवा काष्टीच्या बाजारांत बैलाचे दात पाहून वय कळतें. मढीच्या यात्रेंत गाढवाची पारखही तशीच होते. परंतु खोड कांहीं दातांवर लिहिलेली नसते. बैल जुंपल्यावांचून त्याची खोड कळत नाहीं, आणि मोटार घाट चढल्यावांचून तिची खोड कळत नाहीं. म्हणून “तुम्ही पाहून घेतलीत” हें उत्तर अपुरें आहे. जें डोळ्यांनीं दिसण्यासारखें होतें तेवढेंच त्यानें पाहिलें. जें फक्त तुम्हांस ठाऊक होतें तें तो कसें पाहणार?

ह्यावरून विकणाऱ्याचें कर्तव्य ठरवितां येईल. ज्यानें दोष झांकला, त्यानें गाडी परत घेऊन सर्व पैसे द्यावे, आणि ओढून आणण्याचा खर्चही द्यावा. जो दोष ठाऊक असून गप्प राहिला, त्यानेंही परत घ्यावी. कायदा त्याला सोडील, परंतु त्याचें मन त्याला सोडणार नाहीं. ज्याला दोष खरोखर ठाऊकच नव्हता, त्याला आम्ही दोषी म्हणत नाहीं. तथापि चांगल्या मालाची किंमत त्यानें घेतलेली आहे, म्हणून दुरुस्तीचा खर्च दोघांनीं वाटून घ्यावा हें बरें. दोष सांगून त्या मानानें किंमत कमी केली असेल, तर मात्र घेणाऱ्यास तक्रारीस जागा नाहीं.

घेणाऱ्याचेंही कर्तव्य आहे. घेतांना वस्तूस नांवें ठेवणारा आणि घरीं गेल्यावर आपल्या चतुराईची बढाई मारणारा मनुष्य नीतिसूत्रांच्या काळींही होता आणि आजही आहे. दोष कळतांच गाडी वापरणें थांबवून विकणाऱ्यास कळवावें. दोन महिने भाडीं मारून मग ती परत नेणें, हा उलट बाजूचा लबाडपणा होय. करार मोडणाऱ्यानें मिळालेला लाभ परत केला पाहिजे, असें कराराच्या कायद्याचें 64 वें कलमही सांगतें. शिवाय, जो दोष साध्या चौकशीनें कळला असता त्याविषयीं पुढें मौनाची सबब सांगितली, तर 19 व्या कलमान्वयें ती चालत नाहीं. म्हणून घेण्यापूर्वीं मिस्त्रीस दाखवावें, आणि चार माणसांदेखत स्पष्ट विचारावें, “हिच्यांत तुम्हांस ठाऊक असलेला कोणता दोष आहे?” विचारल्यावर गप्प राहणें कठीण असतें.

कागदांविषयींही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. गाडी विकणाऱ्यानें 29 नंबरचा फॉर्म भरून, राज्यांतल्या राज्यांत विक्री असल्यास 14 दिवसांत कळवावें. घेणाऱ्यानें 30 दिवसांत ती आपल्या नांवावर करून घ्यावी. नोंदणींत ज्याचें नांव तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार मालक, असें सर्वोच्च न्यायालयानें 2018 मध्यें ठरविलें आहे. म्हणून गाडी परत झाली तर कागदही परत फिरविले पाहिजेत.

आतां सर्वांत कठीण गोष्ट. समजा, विकणाऱ्यानें साफ नकार दिला. कोर्टाचा खर्च झेपत नाहीं. अशा वेळीं कोणी मित्र सल्ला देतो, “वरवर डागडुजी करा, रंग द्या, आणि दूरच्या गांवीं विकून टाका.” येथें मोह खरोखर मोठा आहे, कारण आपला तोटा आपण केवळ भरून काढीत आहों असें मनुष्यास वाटतें. परंतु ज्याच्या माथीं ती गाडी मारावयाची त्यानें आमचें काय केलें आहे? त्याचीही कोणी म्हातारी आई असेल, आणि त्यालाही एखादा घाट चढावा लागेल. त्याच्यापुढें आम्ही तेंच शब्द बोलूं, जे ऐकून आमच्या मनास आग लागली होती.

दोन वर्षांची कपाशी गेली, हा तोटा आम्ही लहान म्हणत नाहीं. तो ज्याला सोसावा लागतो त्यालाच कळतो. परंतु त्यानें गाडी दुरुस्त करावी, किंवा दोष सांगून ज्या किंमतीस जाईल त्या किंमतीस विकावी. फसवणूक एका दारांतून दुसऱ्या दारीं फिरत असते, आणि प्रत्येक जण आपण केवळ पुढें ढकलली असें म्हणतो. ती कोठेंतरी एका दारीं थांबली पाहिजे. ज्याच्या दारीं ती थांबते त्याचे पैसे गेले असतील. परंतु पुढच्या बाजारांत त्याचा शब्द लोक लिहून न घेतां मानतील.