टापटिपीचं कौतुक

‘आमची सून भारी टापटिपीची’ असं कौतुक होतं, तेव्हा त्या सुनेच्या हातांकडे कुणी पाहत नाही. साबणाने बोटांना भेगा पडलेल्या असतात. गॅस बंद आहे ना, हे बघायला ती रात्री पाचदा उठते. घराला आधी तो गुण वाटतो, मग स्वभाव, आणि अगदीच अति झालं की मंत्रचळ. आजार हा शब्द सगळ्यात शेवटी येतो. कडक सोवळ्याच्या घरात तर कित्येकदा येतही नाही.

आजाराचं नाव ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. त्यावर उपाय आहेत. लंडनचे मानसशास्त्रज्ञ विक्टर मायर यांनी १९६६ मध्ये एक वाट दाखवली : ज्याची धास्ती, त्याला हात लावायचा आणि नंतर हात धुवायचे नाहीत. न धुताही धास्ती ओसरते, हे अनुभवानं कळतं. ही पद्धत आणि औषधं आजही उपचारांत अग्रस्थानी आहेत.

पण काहींच्या बाबतीत भीतीच्या तळाशी वेगळंच काही असतं. बाळंतिणीच्या मनात येतं, ‘माझ्या हातून बाळाला काही झालं तर?’ विचार नकोसा, तरी पुन्हापुन्हा येणारा. ती सुऱ्या लपवते, बाळाला घ्यायचं टाळते. भीती दिसते, ‘मी वाईट आई’ ही शरम दिसत नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ लेस्ली ग्रीनबर्ग यांच्या भावनाकेंद्री उपचारात या शरमेला बोलतं करतात. दोन खुर्च्या मांडतात. एकीवर बसून ती स्वतःला दटावते, दुसरीवर बसून त्या दटावणीला उत्तर देते. दटावताना कधी आईचे शब्द तोंडात येतात, कधी सासूचे. उत्तर देताना रडू येतं, मग रागही येतो. बाईमाणसाला न शोभणारा म्हणून आजवर गिळलेला.

इथे जपायलाही हवं. मंत्रचळात मेंदूचा आणि आनुवंशिकतेचाही वाटा असतो. ‘राग गिळलास म्हणून झालं’ असं म्हणणं म्हणजे तिच्यावर आणखी एक ठपका. शिवाय ‘तू वाईट नाहीस’ हे ती रोज विचारून ऐकू लागली, तर तो दिलासाही हात धुण्यासारखाच होतो. भावनेपर्यंत पोचायचं ते खात्री मिळवण्यासाठी नव्हे, खात्रीवाचून राहता यावं म्हणून.

खुर्चीवर बसून ती उत्तर द्यायला शिकेलही. पण घरी सिंकमध्ये चार खरकटी भांडी ठेवून ती झोपायला गेली, तर त्या रात्री तिचं कौतुक कोण करणार?