दयेची मात्रा

मुक्या प्राण्यांवर दया करावी, याविषयीं सहसा कोणी वाद घालीत नाहीं. वाद होतो तो ती किती करावी याविषयीं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या पट्ट्यांत आतां पुष्कळ कुटुंबें मांजरें पाळतात, आणि माणसांचा मधुमेह त्यांच्याही वाट्याला येतो. अशा मांजराला रोज दोन वेळां इन्सुलिन टोंचणाऱ्या गृहिणीचें शेजारी प्रथम कौतुक करतात. परंतु एका एककापासून सुरू झालेली मात्रा पंधरा-वीसांवर गेली, म्हणजे कौतुक मावळतें आणि "मांजरासाठीं एवढें?" असा प्रश्न कानीं येतो. या प्रश्नांत थोडें तथ्य आहे आणि बराचसा अविचार आहे. त्या दोहोंची निवड करणें इष्ट होईल.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. मांजराला आरंभीं एका वेळीं एक-दोन एककें देतात. शरीराच्या दर किलोमागें दीड-दोन एककें देऊनही साखर आटोक्यांत येत नाहीं, तेव्हां कांहीं तरी निराळें घडत असल्याची शंका वैद्यांना येते. पहिला संशय औषधावर धरावा. बदलापुराकडे उन्हाळ्यांत पारा चाळिशीच्या पार जातो. अशा दिवसांत वीज जाऊन फ्रिज बंद राहिला, तर कुपींतलें इन्सुलिन बिघडूं शकतें. दुसरा संशय मोजमापावर. आपल्याकडील पुष्कळ कुप्यांत दर मिलिलिटरला ४० एककें असतात. त्यांतलें औषध १०० च्या पिचकारीनें मोजलें, तर दहा म्हणून टोंचलेलीं एककें प्रत्यक्षांत चारच भरतात. दांतांतील वा मूत्रमार्गांतील संसर्ग, अंगावरची चरबी, स्टेरॉइडसारखीं औषधें, हींही कारणें तपासावीं लागतात. हें सर्व निस्तरूनही मात्रा वाढतच राहिली, तर पिट्युटरी ग्रंथीकडे लक्ष द्यावें लागतें. मेंदूच्या तळाशीं असलेल्या या ग्रंथींत लहानशी गांठ होते, वाढीचा स्राव अतोनात सुटतो आणि तो इन्सुलिनचें काम हाणून पाडतो. मांजराचा जबडा रुंदावतो, पंजे मोठे होतात आणि मधुमेह चढलेला असतांही पुष्कळदां वजन वाढतें. ब्रिटनमधील १,२२१ मधुमेही मांजरांच्या पाहणीचा जो निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला, त्यावरून तेथें सुमारें दर चारांत एकाला हा विकार असावा, असें अनुमान निघालें. तेव्हां वीस एककांचा आंकडा पाहून मालकिणीच्या लाडांची चेष्टा करण्यांत अर्थ नाहीं. तितकें इन्सुलिन तो देह मागत असतो.

आतां आक्षेप. माणसाचें औषध जनावरावर कां उधळावें? टोरांटो येथें १९२१ सालीं बँटिंग व बेस्ट यांनीं या औषधाचा माग काढला तो कुत्र्यांवर प्रयोग करून. १९२२ च्या जानेवारींत तें एका चौदा वर्षांच्या मुलाला टोंचलें गेलें. त्यानंतर सुमारें साठ वर्षें, म्हणजे १९८२ सालीं जंतूंकडून बनविलेलें मानवी इन्सुलिन बाजारांत येईपर्यंत, जगांतील मधुमेही माणसें मुख्यतः गायी-डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढलेल्या इन्सुलिनवर जगलीं. हें पाहतां मांजर आपलें कांहीं उसनें घेतें, हा हिशेबच उलटा ठरतो. मात्र आक्षेपांतलें तथ्यही मान्य केलें पाहिजे. घरांतल्या आजीच्या औषधाला कात्री लावून मांजराची कुपी आणणें हा अधर्म होय; पैका एकालाच पुरणारा असेल, तर निवड कोणाची करावी याविषयीं संदेह नको. परंतु उपहास करणारे गृहस्थ आपल्या चैनींतून वांचविलेल्या पैशांनीं एखाद्या गरीब मधुमेह्याची कुपी भरतात, असें फारसें दिसत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इन्सुलिननें साखर उतरते, गांठ जात नाहीं. शस्त्रक्रिया व किरणोपचार परदेशांतील मोजक्या रुग्णालयांत होतात; आमच्या पट्ट्यांतील सामान्य कुटुंबाच्या ते आटोक्यांत नाहींत. १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय परळला आहे. तेथवर पेटींत कोंडलेलें भेदरलेलें मांजर घेऊन कल्याणमार्गें जाणें हीच त्या जीवाला एक शिक्षा. शिवाय त्या स्रावाला चढउतार असल्यामुळें आज पुरी पडलेली मात्रा उद्यां घातक ठरूं शकते, साखर एकदम उतरून मांजर झटके देऊं लागतें. म्हणून वैद्यांच्या सल्ल्यानें, कानाच्या कडेचा रक्ताचा थेंब वरचेवर तपासून, पायरी-पायरीनेंच वर चढावें लागतें. एवढे कष्ट त्या जीवाला आपण कोणाच्या सुखासाठीं देतों, असें कोणीं विचारलें तर तें रागावण्याजोगें नाहीं.

याचें उत्तर दोन पक्ष आधींच ठरवून बसलेले असतात. मुंबईंत १८३४ सालीं पांजरपोळ ज्या भावनेनें निघाला, ती सांगते कीं जीव घेऊं नये. दुसरा पक्ष सांगतो कीं, खर्च वाढला कीं जनावराला शांतपणें मारावें. आमच्या मतें दोन्ही पक्ष मांजराकडे पाहण्यापूर्वींच निकाल देतात. तिसरा एक वर्ग आहे, आणि तो सर्वांत अधिक दुःख देतो. आंकड्याला भिऊन तो अर्ध्या मात्रेवर थांबतो. मग मांजर महिनोन् महिने पाण्याच्या भांड्याशीं बसून राहतें, खाऊनही भुकेलें असतें, मागच्या पायांतला जोर गमावतें. त्याला बरेंही करावयाचें नाहीं आणि सोडवावयाचेंही नाहीं, हें केवळ स्वतःच्या मनाचें समाधान.

आपली आसक्ति, आपली भीति व शेजाऱ्यांचें हंसें, हीं तिन्हीं मापें आपलीं आहेत. मांजर चवीनें खातें काय, अंग चाटून स्वच्छ ठेवतें काय, उन्हाच्या तिरिपेंत निश्चिंत पसरतें काय? हें सर्व होत असेल, तर वीस एककेंही अधिक नव्हेत. उलट हृदय वा मूत्रपिंड थकलें, आणि पुरी मात्रा देऊनही तें कोपऱ्यांत तोंड लपवूं लागलें, तर एक एककही जास्त होतें, आणि वैद्यांच्या हातून त्याला सोडविणें हीच दया ठरते. त्याला संमति देतां येत नाहीं. म्हणूनच हें पाहणें रोज करावें लागतें, एकदां ठरवून भागत नाहीं. पिचकारी भरण्यापूर्वीं क्षणभर त्याच्याकडे नीट पाहावें, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ झालें.